नाव झाकलेल्या साठ उत्तरपत्रिका

शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, फक्त बैठक क्रमांक असतो. परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी नाव, आडनाव किंवा शाळा दिसली की त्याच्या मनात एक अपेक्षा तयार होते आणि ती नकळत गुणांत उतरते, हे अनुभवाने कळल्यामुळेच ही पद्धत रूढ झाली. प्रयोगशाळेतही आम्ही हेच करतो. मोजमाप घेणाऱ्याच्या हाती जो नमुना जातो त्यावर नुसता आकडा लिहिलेला असतो. कोणता नमुना कशाचा आहे हे त्याला सांगितले जात नाही.

ही साधी युक्ती १९५०च्या दशकात एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका वेगळ्याच प्रश्नासाठी वापरली. स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटणारी माणसे, म्हणजे समलिंगी माणसे, मनाने आजारी असतात का, हा तो प्रश्न. त्याच्या उत्तराचा परिणाम पुढे रुग्णालयांवर, न्यायालयांवर आणि समुपदेशकांच्या खोल्यांवर झाला. या माणसांना मदत करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ते आज जे काम करतात, त्याचा पाया या प्रयोगात आहे. शाळेशीही त्याचा संबंध आहे, कारण ज्या वयात या आकर्षणाची जाणीव होते ते वय आपल्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींचेच असते.

निदान आधी, पुरावा नंतर

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये मानसिक विकारांची आपली पहिली अधिकृत सूची प्रसिद्ध केली. तीत समलैंगिकतेचा समावेश समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत केलेला होता. १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती लैंगिक विकृतींच्या गटात गेली. विकार म्हटल्यावर उपचार आलेच. विजेचे धक्के, ओकारी आणणारी औषधे, संप्रेरके यांचा वापर झाला. इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि तुरुंगाऐवजी वर्षभर स्त्री-संप्रेरके घेण्याची अट त्यांना स्वीकारावी लागली. १९५४ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

हे उपचार करणारे डॉक्टर सगळे दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी अनेकांना आपण विज्ञानाला धरूनच वागत आहोत असे वाटत होते. त्यांचे चुकत होते ते नमुन्याच्या निवडीत. डॉक्टरांकडे येणारी समलिंगी माणसे कोण होती? जी खचलेली होती, ज्यांना घरच्यांनी आणले होते, किंवा ज्यांना पोलिसांनी पकडले होते ती. त्यांना तपासून काढलेला निष्कर्ष सगळ्याच समलिंगी माणसांना लावला गेला. दवाखान्यात बसून फक्त रुग्ण पाहायचे आणि मग गावात कोणी निरोगी नाही असे म्हणायचे, असाच हा प्रकार होता. जो माणूस नोकरी करत होता, मित्रांत रमत होता, त्याला डॉक्टरकडे जाण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे तो कोणत्याही अभ्यासात मोजला जात नव्हता.

याआधी वेगळा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी १९१९ मध्ये लैंगिकतेच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली होती. आलेल्या माणसाला बदलण्यापेक्षा त्याला आहे तसे जगायला मदत करावी, अशी तेथील सल्ल्याची दिशा होती. मे १९३३ मध्ये नाझी समर्थक विद्यार्थ्यांनी ही संस्था लुटली आणि तिचे ग्रंथालय जाळण्यात आले. धागा तेथेच तुटला.

बागेतील खोली

एव्हलिन हुकर यांचा जन्म १९०७ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १९३२ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९३७-३८ मध्ये अभ्यासवृत्तीवर त्या बर्लिनला गेल्या आणि एका ज्यू कुटुंबात राहिल्या. एका सबंध समाजाला सरकार कसे वाळीत टाकते हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. परत आल्यावर लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या बहिःशाल वर्ग घेऊ लागल्या.

त्यांच्या वर्गातील सॅम फ्रॉम हा एक हुशार विद्यार्थी हुकर पतिपत्नींचा मित्र झाला. तो समलिंगी होता. आपल्या मित्रमंडळींशी त्याने बाईंची ओळख करून दिली आणि काही काळाने त्यांच्याकडे आग्रह धरला की, आमच्यासारख्या माणसांचा अभ्यास करणे हे शास्त्रज्ञ म्हणून तुमचे कर्तव्य आहे. ज्यांना मदतीची गरज नाही, जे मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी गेलेले नाहीत, अशांचा अभ्यास कोणी केलेलाच नाही, हा त्याचा मुद्दा होता. नमुन्याच्या निवडीतील चूक या विद्यार्थ्याने नेमकी ओळखली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९५३ मध्ये हुकर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितले. काळ कठीण होता. त्याच वर्षी समलिंगी व्यक्तींना केंद्र सरकारच्या नोकरीतून काढून टाकण्याचा मार्ग मोकळा करणारा अध्यक्षीय आदेश निघाला होता, आणि समलिंगी संबंध हे अमेरिकेच्या सर्व राज्यांत गुन्हा होते. तरीही अनुदान मिळाले. समलिंगी स्वयंसेवक मिळवण्यास मॅटाशिन सोसायटी या त्यांच्या संघटनेची मदत झाली. विरुद्धलिंगी स्वयंसेवक जमवणे मात्र अधिक अवघड गेले! ओळख उघड झाली तर सहभागी माणसाची नोकरी जाईल, प्रसंगी अटकही होईल, म्हणून हुकर यांनी मुलाखती विद्यापीठात न घेता स्वतःच्या घराच्या बागेतील एका स्वतंत्र खोलीत घेतल्या.

प्रयोग आणि त्याचा निकाल

प्रयोगाची रचना अशी होती. ३० समलिंगी आणि ३० विरुद्धलिंगी पुरुष निवडले. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक जुळतील अशा त्यांच्या ३० जोड्या लावल्या. मानसोपचार घेत असलेल्यांना वगळले. मग प्रत्येकाला त्या काळी प्रमाण मानल्या जाणाऱ्या तीन चाचण्या दिल्या. पहिली रोर्शाकची शाईच्या डागांची चाचणी. डागात काय दिसते ते सांगायचे. दुसरीत चित्र पाहून गोष्ट रचायची. तिसरीत चित्राच्या पार्श्वभूमीवर आकृत्या मांडून गोष्ट सांगायची.

उत्तरांवरची नावे व ओळखीच्या खुणा काढून ती साठ माणसांची उत्तरे नामवंत परीक्षकांकडे पाठवण्यात आली. ब्रूनो क्लॉप्फर हे रोर्शाक चाचणीतील त्या वेळचे सर्वांत मोठे अधिकारी समजले जात. एडविन श्नाइडमन हे तिसऱ्या चाचणीचे जनकच होते. मॉर्टिमर मायर हे तिसरे परीक्षक. त्यांना दोन कामे सांगितली. पहिले, प्रत्येकाच्या मानसिक समायोजनाला पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर स्थान द्यायचे. दुसरे, प्रत्येक जोडीतील समलिंगी कोण ते ओळखायचे.

रोर्शाक चाचणीच्या पहिल्या कामात दोन्ही गटांतील दोन तृतीयांश माणसांना मध्यम किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाली. गटांत फरक आढळला नाही. दुसऱ्या कामात एका परीक्षकाने ३० पैकी १७ जोड्या बरोबर ओळखल्या, दुसऱ्याने १८.

वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांना संभाव्यतेचे गणित येत असेल तर १७ आणि १८ या आकड्यांचा अर्थ त्यांच्याकडून काढून घ्यावा. चाचणी न वाचता नुसते नाणे उडवून उत्तर दिले असते तर सरासरी १५ उत्तरे बरोबर आली असती. ३० वेळा नाणे उडवून १८ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते, १७ किंवा अधिक वेळा पडण्याची सुमारे २९ टक्के. म्हणजे या विषयातील श्रेष्ठ तज्ज्ञांची कामगिरी नाण्याहून वेगळी म्हणता येत नव्हती. समलिंगी माणसाचे मन चाचणीत चटकन ओळखू येते असा तज्ज्ञांचा जो समज होता, तो त्यांच्याच हातून खोटा ठरला.

हुकर यांनी हे निष्कर्ष १९५६ मध्ये शिकागो येथे मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडले आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध केले.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नमुना लहान होता. त्यात स्त्रिया नव्हत्या. स्वयंसेवक स्वतःहून आलेले होते. त्यामुळे समलिंगी लोकांत मानसिक आजाराचे प्रमाण किती, हे त्यावरून सांगता येत नाही. शाईच्या डागांच्या चाचणीच्या विश्वासार्हतेवर तर पुढे पुष्कळ टीका झाली. पण हुकर यांनी तपासलेले विधान कोणते होते ते पाहा. समलैंगिकता हा स्वतःच एक आजार आहे, म्हणजे प्रत्येक समलिंगी माणूस आजारी असतो, असे ते विधान होते. सर्व कावळे काळे असतात हे विधान खोडायला एक पांढरा कावळा पुरतो. त्यासाठी कावळ्यांची शिरगणती करावी लागत नाही. शिवाय चाचण्या आणि परीक्षक दोन्ही विरुद्ध पक्षाला मान्य असलेलेच होते. त्यामुळे चाचणीच सदोष होती असे म्हणून पळवाट काढली, तर त्याच चाचण्यांवर आधारलेली आजवरची निदानेही सोडून द्यावी लागणार होती.

सोळा वर्षे

१९५७चा निबंध आणि निदानसूचीतील बदल यांत १६ वर्षे गेली. पुरावा समोर आला की मत आपोआप बदलते, ही आपली एक भाबडी समजूत आहे. पुरावा ऐकून घ्यायला लावणारी माणसेही लागतात.

फ्रँक कॅमेनी हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ होते. १९५७ मध्ये ते समलिंगी असल्याच्या कारणावरून त्यांना सरकारी नोकरीतून काढण्यात आले. त्यांनी आणि बार्बरा गिटिंग्ज यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला थेट जाब विचारायला सुरुवात केली. १९७१च्या अधिवेशनात कॅमेनी यांनी ध्वनिक्षेपकाचा ताबाच घेतला. १९७२ मध्ये डॅलस येथे या विषयावर रीतसर परिसंवाद झाला. त्यात एक मनोविकारतज्ज्ञ चेहऱ्यावर मुखवटा, डोक्यावर टोप आणि यंत्राने बदललेला आवाज अशा वेषात बोलायला उभा राहिला. आपण मनोविकारतज्ज्ञ आहोत आणि समलिंगीही आहोत, असे त्याने सहव्यावसायिकांना सांगितले. ते जॉन फ्रायर होते. खरे नाव कळले असते तर त्यांचा व्यवसाय बुडाला असता. पुढे १९९४ मध्ये त्यांनी आपली ओळख संघटनेसमोर जाहीर केली.

फेब्रुवारी १९७३ मध्ये चार्ल्स सिल्व्हरस्टीन या तरुण मानसशास्त्रज्ञाने संघटनेच्या नामकरण समितीसमोर पुराव्यांची मांडणी केली. हुकर यांचे काम त्यांच्यापुढे होतेच. १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली. विरोधकांनी सभासदांचे मतदान मागितले. १९७४ मध्ये ५,८५४ मते निर्णयाच्या बाजूने पडली, ३,८१० विरुद्ध.

यावर आक्षेप घेतला जातो की विज्ञान मतदानाने ठरते काय? प्रश्न रास्त आहे. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले. त्याने प्लूटोचे वस्तुमान बदलले नाही. वस्तुस्थिती निरीक्षणाने कळते. कोणत्या वस्तूला कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे मात्र माणसे ठरवतात, आणि निरीक्षणांत भर पडली की कप्पा बदलतात. मूळ यादीत समलैंगिकतेचा समावेशही शेवटी एका समितीनेच केला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आपल्या रोगसूचीतून काढली. पारलिंगी व्यक्तींविषयीचे निदान मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर पडायला २०२२ साल उजाडले.

जुनी चूक नव्या वेषातही परतते. या बदलात महत्त्वाची भूमिका बजावणारे रॉबर्ट स्पिट्झर यांनीच २००३ मध्ये, काही समलिंगी माणसे उपचारांनी बदलतात असा निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी २०० जणांच्या दूरध्वनीवरून मुलाखती घेतल्या होत्या. पण हे लोक आपण बदललो असे सांगणारेच निवडलेले होते, आणि त्यांचे सांगणे तपासण्याचा मार्ग नव्हता. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी ही चूक मान्य करून जाहीर माफी मागितली.

उपचार कशावर करायचा?

आजार नाही असे ठरल्यावर मानसोपचारतज्ज्ञाचे काम संपले असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात ते तेथून नीट सुरू झाले. सिल्व्हरस्टीन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगी व्यक्तींसाठी समुपदेशन केंद्र सुरू केले. तेथे माणसाचे आकर्षण बदलण्याचा प्रयत्न होत नसे. भीती, एकटेपणा, घरचा दुरावा अशा गोष्टींवर काम होई.

या माणसांत नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. मग ती आजारीच नाहीत काय? याचे उत्तर इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये मांडलेल्या विवेचनात मिळते. सतत लपवावे लागणे, चेष्टा, नकार आणि हल्ल्याची भीती यांचा ताण अल्पसंख्य माणसावर साठत जातो, आणि त्याची प्रकृती त्या ताणाने बिघडते. कारण बाहेर असेल तर उपायही तेथेच शोधावा लागतो. तो शोधण्याचे काम समाजकार्यकर्त्यांनी केले. कॅटलिन रायन या समाजकार्यकर्तीने सहकाऱ्यांसह २००९ मध्ये २१ ते २५ वयाच्या २२४ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारले होते अशांत, ज्यांना फारसे झिडकारले नव्हते त्यांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याची शक्यता ८.४ पट आढळली. तेव्हापासून कुटुंबाला बरोबर घेऊन काम करण्यावर भर वाढला आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या विषयावर शास्त्रीय भाषेत बोलण्याचा प्रयत्न हुकर यांच्या कितीतरी आधी झाला. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे देत होते. हस्तमैथुन, समलैंगिकता अशा विषयांवरील उत्तरांमुळे १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला; पण विचारणाऱ्याला माहिती देणे हा गुन्हा नाही ही भूमिका दोघांनी सोडली नाही.

कायद्याची अडचण त्याहून जुनी होती. १८६०च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते. त्या छायेतच मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट सुरू झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला, हेल्पलाइन चालवली आणि मराठीतून या विषयावर लिहिले. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा सुरू केली.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. २०१८ मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून मुक्त केले. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात, घरच्यांपासून दूर गेलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी, आपल्याला या विषयाची पुरेशी जाण नाही असे सांगून, निकालापूर्वी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला. नंतर त्यांनी समलैंगिकता ‘बरी’ करण्याच्या उपचारांना बंदी घातली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध पुन्हा लैंगिक गुन्ह्यांत आले. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला.

शिक्षकाच्या हाती काय आहे

एखादा विद्यार्थी विश्वासाने शिक्षकाजवळ काही बोलला, तर शांतपणे ऐकून घेणे हे पहिले काम. ते शिक्षकखोलीत किंवा त्याला न विचारता घरी सांगू नये. घरची प्रतिक्रिया काय होईल याचा अंदाज त्यालाच अधिक असतो. मात्र तो स्वतःच्या जिवाला धोका करील किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करत आहे असे दिसले, तर गप्प राहता येत नाही. मदत तत्काळ मिळवावी, आणि आपण कोणाला सांगणार आहोत हे त्यालाही सांगावे. पालकांनी ‘बरे करणारा’ डॉक्टर विचारला, तर असा उपचार नसल्याचे आणि तो करणे डॉक्टरांना मना असल्याचे सांगावे, व समुपदेशकाचे नाव सुचवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. वर्गात चालण्या-बोलण्यावरून होणारी चेष्टा थांबवायला तर कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

आणि विज्ञानाच्या तासाला नमुन्याची निवड शिकवताना हुकर यांचा प्रयोग उदाहरण म्हणून जरूर घ्यावा. प्रयोग कसा रचावा हे तर मुलांना त्यातून कळेलच. त्या वर्गात स्वतःविषयी कुढत बसलेला एखादा विद्यार्थी असेल, तर आपण आजारी नाही, हे शिक्षकाला काही न विचारता त्याला कळेल.